बिनगाण्याची कॅसेट

संपादकांचा फोन आला तेव्हा मी कोणाच्या तरी मिक्सरची मोटर खोलून बसलो होतो. "रशीदभाई, इतकी वर्षं भोंगे लावले, दिवाळी अंकासाठी त्यातल्या गमतीजमती लिहून द्या ना," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, सगळ्या लिहिल्या तर तुमचा अंक पुढच्या दिवाळीलाच निघेल. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा केला. आपला कागदावर कसा निघतो ते बघू, म्हणून हो म्हणालो.

कुरखेड्यात माझं साउंड सर्व्हिसचं आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणजे आजही आहे, पण आता तिथे माझा मुलगा मोबाइलचे चार्जर विकतो आणि मी कोपऱ्यात बसून जुनं सामान चिवडतो. साउंडवाल्याचं काम सांगायला सोपं आहे. बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानात पोचवायचा, मधे शिट्टी वाजू न देता. माइकचं तोंड भोंग्याकडे झालं की माइक भोंग्याचाच आवाज ऐकतो, तोच परत भोंग्याला देतो आणि दोघं मिळून किंचाळतात. नीट काम झालं तर साउंडवाल्याचं कोणी नाव घेत नाही. शिट्टी वाजली की अख्खा मांडव मान वळवून त्याच्याकडे बघतो.

गिऱ्हाइकं एकेक नग. एकाने बारशाला एक भोंगा मुद्दाम साडूच्या घराकडे तोंड करून बांधायला लावला होता, कारण साडू रुसून आला नव्हता. एका पुढाऱ्याला ऐन सभेत भाषण आठवेना, तर मला खुणेने म्हणे, मागच्या वेळचं भरलेलं लाव. मी लावलं. मागच्या वेळी त्याने ज्या पक्षाला शिव्या घातल्या होत्या, त्याच पक्षाच्या मांडवात तो या वेळी उभा होता. तिथून मी सामान कसं काढलं ते मलाच माहीत.

पण हे सगळं फुटकळ. मला विचाराल तर माझ्या धंद्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट झाली, ती म्हणजे आम्ही काढलेली कॅसेट. आम्ही म्हणजे मी आणि सुधाकर ऑर्गन मास्तर. इलेक्ट्रॉनिक संगीत, टेक्नो आणि ट्रान्स, दोन्ही बाजू भरून! हसू नका. कुरखेड्यातच काढली.

तर झालं असं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा साला यूनुस मोहर्लीला जिप्सी चालवायचा, ताडोब्यात टुरिस्टांना वाघ दाखवायला. उन्हाळ्यात एकदा तो जिप्सीचा टेपच काढून घेऊन आला. म्हणाला, "रशीदभाई, इसमें गोरे की कॅसेट अटक गई. वो तो चला गया अपने देश. अब ना बजती, ना निकलती."

कार टेपमध्ये कॅसेट अडकणं म्हणजे रबराच्या रोलरला फीत गुंडाळून बसणं. ओढलीत की तुटलीच. मी वरचं झाकण काढलं, रोलर बोटाने उलटा फिरवत फिरवत फीत इंच इंच सोडवली, चुरगळलेला भाग नखाने सरळ केला, एक जागा तुटली होती ती चिकटपट्टीने जोडली. हेड स्पिरिटने पुसलं. मग आपल्या दुकानातल्या डेकवर लावून बघितली.

धप. धप. धप. धप. बस्स, एवढंच. मला वाटलं फीत एकाच जागी अडकली. मग त्या धपधपीच्या पोटातून एक बारीक सूर वर यायला लागला, येतच राहिला, एवढा वर गेला की मी हातातला पेचकस खाली ठेवला. तेवढ्यात ठोका एकदम थांबला, नुसता सूर उरला, आणि मग पुन्हा धप! अंगावर काटा आला, खरं सांगतो.

सुधाकर त्या वेळी दुकानातच बसला होता. त्याचा परिचय करून देतो. जवळच्याच खेड्यातल्या धानकऱ्याचा मुलगा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, त्या नाटकांत तो ऑर्गन वाजवायचा. हिरॉइनला रडू यायच्या आधी याच्या बोटांना यायचं. पंचक्रोशीत त्याला मास्तर म्हणायचे आणि त्याचे वडील दयारामभाऊ बाजारात उगाच चार माणसांना थांबवून सांगायचे, "आमचा सुधाकर कंपनीत ऑर्गनवर हाय."

"हे किती जन वाजवून राह्यले?" सुधाकरने विचारलं.

यूनुस म्हणाला, "गोरा बोला था, दोनच माणसं आहेत. बाकी सब मशीन. एकाला टेक्नो म्हणतात, दुसऱ्याला ट्रान्स."

"फरक काय?"

"वो मेरे को क्या मालूम! शेर दिखाऊं के ये पूछूं?"

पुढे आम्हीच कॅसेट घासून घासून फरक शोधला. टेक्नो म्हणजे ठोका. कारखान्यासारखा, न थकता. ट्रान्स म्हणजे त्याच ठोक्यावर सूर हळूहळू चढवत नेणं, ऐकणाऱ्याचं भान जाईपर्यंत. लोकांना हे परकं वाटतं. पण धानोऱ्याकडे एखाद्या गोंड गावात रेलाचा नाच बघा. ढोल एकदा लागला की तोच ठेका चालतो, नाचणारे हातात हात गुंफून तेच पाऊल टाकत राहतात, आणि बघणाऱ्याचेही पाय आपोआप हलायला लागतात. गोऱ्यांनी त्याला प्लग जोडला, एवढंच.

सुधाकर त्या दिवशी जाताना म्हणाला, "रशीदभाऊ, दोघंच हायेत ते. आपनही दोघंच हाओ."

मी हसण्यावारी नेलं. त्याने नाही नेलं. पुढच्या सीझनला पठ्ठ्याने काय करावं? नाटकात हिरॉइन मरणाच्या दारात, अंगाईसारखा करुण सूर हवा, तर याने करुण सूर धरला आणि खालून हळूच धपधप सोडली! त्याच्या डोक्यात की सूर चढत जाईल, माणसं हमसून रडतील. सूर चढला. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, बाई मरून राह्यली का नाचून राह्यली?" आणि अख्खं मैदान हसलं. मेलेली हिरॉइनही हसली, असं म्हणतात.

कंपनीचे मालक गुणवंतराव मोठे कडक. त्यांनी सकाळी सुधाकरला सांगितलं, आता पेटी उचला, या खुर्चीवर दुसरा माणूस बसेल.

झालं! ज्या खुर्चीवर दयारामभाऊंची मान ताठ होती ती खुर्चीच गेली. मी समजूत काढायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाप-लेक अंगणात समोरासमोर बसले होते आणि सुधाकर त्यांना सांगत होता की मी आणि रशीदभाऊ स्वतःची कॅसेट काढणार आहोत. मलाही ते तेव्हाच कळलं!

दयारामभाऊ आवाज न चढवता बोलणारे. तेच जास्त लागायचं. म्हणाले, "तुले खुर्ची देल्ली होती लोकायनं. तू हसं करून आला. आता मी सांगतो ते आयक. येती दिवाळी झाल्यावर आपल्या गावची मंडई हाय. मंडईत लोकं तुझ्या या धपधपीवर नाचले, तं मी जल्मभर तोंड नाई उघडणार. नाई नाचले, तं पेटी बंद. मग नाटक नाई, गानं नाई, बजावनं नाई. बांधीत उतराचं अन् माझ्यासंग धान कराचं. मंजूर?"

सुधाकरने माझ्याकडे बघितलंही नाही. "मंजूर," म्हणाला.

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. दिवसा बाजार, नाच, पाहुणे, रात्री नाटक. ज्या गावाने पोराला लहानाचं मोठं होताना बघितलं त्याच गावापुढे परीक्षा. एकदा पेटी बंद झाली की सुधाकर ती पुन्हा उघडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं, कारण दिलेला शब्द पाळण्यात तो बापाच्या वरचढ होता. त्या दिवसापासून मला झोप लागेना. पणाला लागलेले हात माझे नव्हते, पण हरलो असतो तर त्या पोराची बोटं बुडाली असती.

कॅसेट काढायची म्हणजे काय, ते ऐका. आमच्याकडे स्टुडिओ नाही, कॉम्प्युटर नाही. माझे दोन टेप डेक, एक छोटा मिक्सर आणि सुधाकरचा जपानी कीबोर्ड. एका डेकवर भरलेलं वाजवायचं, त्याच्यावर सुधाकरने नवीन सूर वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या डेकवर भरायचं. मग तेच पुन्हा उलट. प्रत्येक वेळी फितीचा सुंऽऽ असा आवाज थोडा वाढतो, म्हणून पहिला थर दणकट पाहिजे. लाइट कधीही जायची, म्हणून ओळखीच्या ट्रकची बॅटरी आणून ठेवली.

पहिल्या थरातच गाडी अडली. ती धप आमच्याकडे निघेना. कीबोर्डातला ड्रम डालड्याच्या डब्यासारखा वाजायचा. ढोल आणला, तो फार ओळखीचा वाटला. टेबल ठोकलं, पत्र्याचं ड्रम ठोकलं, दुकानाचं शटर ठोकलं. मग एके दिवशी सुधाकरच्या घरी जेवायला बसलो असताना तो पाण्याला उठला आणि जाता जाता सवयीने ढोलीवर थाप मारली. ढोली म्हणजे धान साठवायची माणसाहून उंच बांबूची कणगी, शेणामातीनं लिंपलेली. उन्हाळ्यात ती रिकामी होत आलेली. थाप पडली आणि ढोलीच्या पोटातून असा काही धप निघाला की आमच्या दोघांचेही घास हातात राहिले.

माइक दोरीने ढोलीत सोडला. आता प्रश्न ठोकणार कोण? सुधाकरच्या कीबोर्डात आवाज पकडून तो पुन्हा पुन्हा वाजवायची सोय नव्हती. म्हणजे कॅसेटची अख्खी बाजू कोणीतरी हाताने ठोकायला पाहिजे, न चुकता, न थांबता. सुधाकरची बोटं सुरांसाठी राखून ठेवायची होती. उरलं कोण?

गोऱ्यांकडे मशीन होतं, सुधाकरकडे मी होतो. कानात हेडफोन, त्यात कीबोर्डची टकटक, आणि मी ढोलीला मिठी मारून थापा मारतोय. मधे शिंक आली की सगळं पहिल्यापासून. एकदा बाजू संपत आली होती आणि दयारामभाऊ दुपारची झोप मोडून बाहेर आले.

"काऊन जी रशीदभाऊ, माझी ढोली फोडता का?" सगळं माइकात भरलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून!

घरी गेलो की बायको माझे सुजलेले तळवे बघून म्हणायची, "कौनसी मशीन पे काम कर रहे हो?" काय सांगणार तिला, की मशीन मीच आहे.

पण निघाली. माशाअल्ला, काय निघाली! माझ्या धपधपीवर सुधाकरने जे सूर चढवले ते त्या गोऱ्यांनी ऐकले असते तर त्यांनीही टोप्या काढल्या असत्या. दिव्याभोवती पाखरं जमावीत तसे एकावर एक सूर येत जातात आणि शेवटी सगळे मिळून उंच उठतात. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, म्हणून हौसेने नाव ठेवलं 'कुरखेडा एक्सप्रेस'. खाली लिहिलं, संगीत रशीद-सुधाकर. मोठ्या संगीतकार जोड्या लिहितात तसं. माझं नाव आधी का, म्हणाल तर कव्हर मी लिहिलं होतं.

कॉप्या काढून ओळखीच्या दुकानांत ठेवल्या. आठवडी बाजारात लोकांनी नेल्याही. आणि पुढच्या बाजाराला त्याच परत यायला लागल्या. एक जण चिडून म्हणाला, "भाऊ, हे कॅसेट खराब हाय. दोन्हीकडून वाजवून पायलं, गानारा आलाच नाई." दुसरा समजूतदार होता. म्हणाला, "बाजा गजब हाय जी, पन तुमी गानं भराचं इसरले."

मी म्हणालो, यात गाणं नसतंच. तो माझ्याकडे दयेने बघून गेला.

पण खरी फजिती लग्नात झाली. एका वरातीत मी ठरवून, हिंमत करून आमची कॅसेट लावली. पाव्हणे मंडळी उभी राहिली. नवरदेवाचे मित्र हात वर करून तयार. ठोका सुरू झाला, सूर चढायला लागला, आणि ते तसेच उभे! हात वर, पाय जमिनीला. का, तर गाणं सुरू व्हायची वाट बघत होते. आमच्याकडे नाटकाच्या आधी बाजा बराच वेळ वाजतो, मग पडदा उघडतो, मग गाणं. लोकांना तीच सवय. हे वाजतंय म्हणजे खरं अजून पुढे आहे. शेवटी नवरदेवाचा मामा माझ्याजवळ येऊन अगदी अदबीने म्हणाला, "रशीदभाऊ, टेस्टिंग झालं असन तं आता गानं लावा."

मी सिनेमाचं गाणं लावलं. सुधाकर बॉक्समागे उभा होता. तो सायकल घेऊन निघून गेला. मला इतका राग आला, त्या मामाचा, वरातीचा, त्या गोऱ्याचाही, ज्याने आपली कॅसेट आमच्या जिप्सीत विसरून एका सुखी ऑर्गनवाल्याची वाट लावली होती.

मग पाऊस लागला, लग्नं संपली. सुधाकरचं दुकानात येणं बंद झालं. मी चार वेळा निरोप धाडला, शेवटी छत्री घेऊन स्वतःच गेलो. घरून कळलं, बांधीत आहे. बांधी म्हणजे धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेलं. रोवणं चाललं होतं. बाया एका ओळीत वाकून, मागे मागे सरकत चिखलात धानाची रोपं खोचत होत्या, आणि सुधाकर गुडघाभर चिखलात रोपांच्या जुड्या फेकत होता. मंडईला अजून वेळ होता, पण हा आताच हरलेल्यासारखा बांधीत उतरला होता. मला बघून म्हणाला, "सवय करून राह्यलो, रशीदभाऊ."

रोवणाऱ्या बायांचं काम गाण्यावर चालतं. एक जण पुढे म्हणते, बाकीच्या मागून ओढतात, आणि त्या लयीत हात पडतात. शेवंताबाई ही तिथली पुढे म्हणणारी, आवाज असा की मला माइक द्यायची गरज नाही. पण दिवस दिवस पावसात वाकून तिच्या बायांचा घसा बसला होता. ओढणारं कोणी उरलं नव्हतं, एकटीच किती रेटणार? ओळ वाकडी झाली होती, कोणी पुढे, कोणी मागे.

धुऱ्यावर प्लास्टिकखाली सुधाकरचा सेलवर चालणारा टेप होता. शेवंताबाई कंबर धरून सरळ झाली आणि म्हणाली, "मास्तर, ते डब्बा काय झाकून ठेवला जी? लावा काई. जीव उबला."

"त्यात गानं नाई, बाई."

"नसू दे. लावा."

सुधाकरने माझ्याकडे बघितलं. त्यालाही सगळ्यांसमोर पुन्हा हसं नको होतं. मीच जाऊन बटण दाबलं.

धप. धप. धप. धप. माझीच ढोली पावसात वाजायला लागली. बाया वाकल्या. हात आपोआप ठोक्यावर पडायला लागले, खोच, सरक, खोच, सरक. मी श्वास धरून बघत होतो की आता कोण म्हणणार, गाणं कवा येते. कोणीच नाही म्हणालं! सुधाकरचा सूर वर चढायला लागला तशी शेवंताबाईने मान वर केली, दोन ठोके ऐकले आणि तिसऱ्याला स्वतःचं गाणं त्यावर टाकलं. तिचंच, नेहमीचं, माहेरच्या वाटेचं. ते असं काही बसलं की जणू सुधाकरने तिला विचारून जागा सोडली होती. घसा बसलेल्या बायाही ओढायला लागल्या, कारण आता लय धरायचा बोजा त्यांच्यावर नव्हता. ओळ दोरी लावल्यासारखी सरळ झाली. बाजू संपली तशी शेवंताबाई चिखलातूनच ओरडली, "पलटवा ना जी!"

सुधाकर धुऱ्यावर बसून रडत होता. मी पण रडलो असेन, पाऊस होता म्हणून कळलं नाही.

त्यानंतर दुकानात जे झालं ते कुरखेड्याने कधी बघितलं नव्हतं. पदर खोचलेल्या, पायाला चिखल लागलेल्या बाया काउंटरपुढे उभ्या! "ते रोवण्याची कॅसेट हाय का? गानं नसलेली?" परत आलेल्या सगळ्या कॉप्या गेल्या, नव्या काढल्या त्याही गेल्या. प्रत्येक बांधीत तीच कॅसेट, आणि प्रत्येक बांधीत गाणं वेगळं. एका गावात तर सासूला शिव्या देणारं गाणं आमच्या सगळ्यात नाजूक सुरावर बसवलं होतं. ऐकून सुधाकर पोट धरून हसला.

मला वाटलं जिंकलो. दयारामभाऊंना सांगायला गेलो तर म्हणाले, "रोवनं म्हंजे नाचनं नाई, रशीदभाऊ. शबुद मंडईचा हाय."

आणि मंडई आली. गावाच्या मैदानात जिलेबीची दुकानं, बांगड्या, फुगे. गोवारी गुराख्यांचा ढालीचा नाच होऊन गेला होता. रात्रीच्या नाटकाला नेमकी गुणवंतरावांचीच कंपनी ठरलेली, त्यामुळे तेही दुपारपासून खुर्ची टाकून पान चघळत बसलेले. दयारामभाऊ मैदानाच्या कडेला लिंबाखाली हाताची घडी घालून उभे. मी बॉक्स लावले. सुधाकर कीबोर्ड जोडून उभा होता. मनात म्हटलं, या अल्ला, आज शिट्टी नको.

मी बटण दाबलं. लोक गोळा झाले, उभे राहिले. आणि उभेच राहिले! तरणी पोरं हात वर करून वाट बघतायत. तीच वरात, तीच गत. मी लिंबाकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून शेवंताबाई निघाली. आमच्याकडे मंडईत बाया कडेने बघतात, मधे येत नाहीत. ती सरळ माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "माइक द्या." मी दिला. तिने गाणं टाकलं. कडेच्या बायांनी तिथूनच ओढलं, त्यांच्यात चार गावच्या रोवणाऱ्या होत्या, सगळ्यांना ठोका पाठ! पोरांना एवढंच पाहिजे होतं. गाणं आलं! पहिल्यांदा दोघं हलले, मग दहा, मग मधलं मैदान धुरळ्याने भरलं.

आणि जनरेटरने मान टाकली.

डिझेलच्या नळीत हवा धरली होती. बॉक्स मुके, कीबोर्ड मुका, सुधाकर दगडासारखा. पण शेवंताबाई थांबली नाही. बांधीत तिला कुठे जनरेटर असतो? तिने माइक काखेत मारला आणि टाळ्यांवर गाणं पुढे नेलं, पोरं पायाने ठोका धरून राहिली. मी धावत जाऊन नट ढिला केला, हवा काढली, हँडल मारलं, इंजिन लागलं. आता खरी अडचण. लोक तालात होते आणि गाण्याच्या भरात वेग वाढवून बसले होते. कॅसेट तशीच चालू केली असती तर ठोका ठोक्यावर आपटला असता आणि सगळं विस्कटलं असतं.

डेकच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं. त्यात बारीक पेचकस घालून फिरवला की वेग बदलतो. मी आवाज शून्यावर ठेवला, हेडफोन एका कानाला लावला, दुसरा कान मैदानाला. माझी ढोली मागे पडत होती. पेचकस केसभर फिरवला. अजून केसभर. जुळली, पण अर्धा ठोका उशिरा. पॉज दाबला, एक श्वास थांबलो, सोडला. आता माझा धप आणि त्यांचे पाय एक होते. मी आवाज वर नेला.

काय ओरडलं ते मैदान! सुधाकरने कीबोर्डवर हात टाकला आणि कॅसेटवरच्या सुरावर जिवंत सूर चढवला. त्याच्या वर शेवंताबाई, तिच्या वर सगळं गाव. जिलेबीवाला कढई सोडून नाचत होता. माझ्या धंद्यात मी मोठमोठ्या सभांना भोंगे लावले, पण मी लावलेल्या आवाजाला एवढं मोठं उत्तर कधी आलं नाही. त्या दिवशी मला साउंडवाला असल्याचा जो माज चढला तो अजून उतरलेला नाही.

सूर्य कलला तेव्हा कुठे लोकांनी आम्हाला सोडलं. मी वायरी गुंडाळत होतो. गुणवंतराव पान थुंकून, गमछा सावरत दयारामभाऊंकडे आले. मोठी माणसं पोराशी नाही, बापाशी बोलतात. म्हणाले, "भाऊ, झालं गेलं सोडा. आपल्या सुधाकरले आजपासूनच बसवा ऑर्गनवर. त्याची खुर्ची हाय ना कंपनीत."

सुधाकरचे हात कीबोर्डच्या पेटीवर थबकले. जी खुर्ची गेल्यापासून दयारामभाऊ बाजाराला जाईनासे झाले होते, ती आपल्या पायाने चालत आली होती. त्यांनी मैदानाकडे बघितलं. धुरळा अजून खाली बसला नव्हता.

"असं नाई जमत, गुणवंतराव," ते म्हणाले, नेहमीसारखाच हळू. "पोट्टा आता खाली नसते. तारखा रशीदभाऊपाशी हायेत, त्यायले इचारा. एखादी उरली असन तं भेटन."

गुणवंतराव माझ्याकडे वळले. सुधाकर माझ्याकडे बघायला लागला, दयारामभाऊही. माझ्यापाशी तारीख म्हणाल तर एकही नव्हती. मी हातातली वायर खाली ठेवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणालो, "पाहावं लागन."